नऊ हात

"हात दाखवा," असं अण्णा ओरडले की खळ्यावरची सगळी माणसं हातातलं काम टाकून दोन्ही हात वर करून उभी राहायची. बायको, भावजय, मुलगी, धाकटा भाऊ, आणि बाहेरचं कोणी आलेलं असेल तर तेसुद्धा. अण्णा एकेका हाताकडे बोट दाखवत, ओठ हलवत मोजायचे. आकडा जुळला की तो मोठ्यानं सांगायचे, मग लाकडी दांड्यानं पट्टा पुलीवर ढकलायचे आणि मका सोलायचं जुनं मशीन खडखडायला लागायचं. नवख्या माणसाला वाटावं, इथं दरोडाच पडलाय.

मला तरी पहिल्यांदा तसंच वाटलं होतं.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर काम करणारा माणूस. बाजारात मिळत नाहीत असे जुन्या इंजिनांचे भाग करून देणं, हे आमच्या वर्कशॉपचं काम. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एकदा अण्णा गडहिंग्लजकडच्या त्यांच्या गावाहून एसटीनं आले. मांडीवर फडक्यात गुंडाळलेला एक बुश होता, म्हणजे इंजिनाच्या आसाभोवती बसणारं धातूचं नळकांडं, आजारी कोंबडी आणावी तसा जपून आणलेला. मी तो हातात घेतला आणि हसलो. आतून इतका झिजला होता की त्यात करंगळी खेळली असती. मी म्हणालो, हे इंजिन भंगारात घाला, आता ट्रॅक्टरवर चालणारी मशीनं आली आहेत, तासाभरात खळं मोकळं करून देतात.

अण्णांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पावणं, तुम्हास्नी बुश कराय येतोय का न्हाय, तेवढं सांगा."

मला बुश करायला येत होता. तो बसवून द्यायला मला त्यांच्या गावी जावं लागलं आणि त्यानंतर दर वर्षी दसरा झाला की मी जातच राहिलो.

ते इंजिन अण्णांच्या वडिलांनी घेतलेलं. दोन्ही बाजूंना माणसाच्या कमरेइतकी मोठी चाकं, हँडल मारून चालू करायचं, आणि चालू झालं की सावकाश, एकेक ठोका मोजून घ्यावा असं चालायचं. त्यावरून एक लांब चपटा पट्टा मका सोलायच्या मशीनवर गेलेला. मशीन ओतीव लोखंडाचं, रंग कधीच उडून गेलेला. मशीनच्या आसाला शेजारी शेजारी दोन पुल्या. पट्टा मोकळ्या पुलीवर असला की इंजिन चालू आणि मशीन बंद. दांड्यानं तो शेजारच्या पुलीवर ढकलला की मशीन चालू. तो दांडा अण्णांशिवाय कोणी धरायचा नाही.

बाकीच्यांच्या जागाही ठरलेल्या होत्या. वहिनी, म्हणजे अण्णांच्या बायको, कणसांच्या पाट्या भरून आणायच्या. भावजय, म्हणजे धाकट्या भावाची बायको, खाली पडणारे दाणे ओढायची, मुलगी पलीकडून पडणारी रिकामी कणसं बाजूला करायची. मशीनच्या तोंडाशी उभा राहून कणसं आत सोडायचा तो धाकटा भाऊ. अण्णा त्याला कानडी वळणानं तम्मा म्हणायचे, म्हणून मीही तम्माच म्हणायला लागलो.

त्या पहिल्या दिवशी बुश बसला, इंजिन लागलं आणि अण्णांनी हात दाखवायला सांगितले. बाकीच्यांचं बघून मीही हात वर केला. अण्णांनी मोजले, "दहा" म्हणाले, आणि पट्टा न ढकलता माझ्याकडे बघत उभे राहिले. माझा एक हात खिशात होता, मापं घ्यायचा कॅलिपर चाचपत.

"पावणं, दुसरा?"

मी तो बाहेर काढला. "अकरा," अण्णा म्हणाले आणि पट्टा चढवला.

हिशेबाची मला सवय. खळ्यावर मी धरून सहा माणसं, मग हात अकरा कसे? मी पुन्हा एकदा सगळ्यांकडे बघितलं तेव्हा दिसलं, की तम्माच्या सदऱ्याची उजवी बाही कोपरापाशी दुमडून टाचणीनं लावलेली होती.

दुपारी बांधावर भाकरी खायला बसलो. वहिनींनी खर्डा आणि दही वाढलं. तम्मा भाकरी ताटात अंगठ्यानं दाबून, डाव्या हातानं तुकडा मोडत होता. माझं लक्ष तिकडे गेलेलं अण्णांनी बघितलं. लोक जसं आपलं गाव सांगतात, तितक्या सरळ आवाजात ते म्हणाले, "ह्यो माझा भाऊ. ह्येचा हात मी काढलाय."

मी हातातली भाकरी ताटात ठेवली. तम्मा मात्र खाली बघून जेवत राहिला, जणू बोलणं दुसऱ्याच कोणाबद्दल चाललं होतं.

पुढे मी बघितलं की अण्णा भावाची ओळख सगळ्यांना अशीच करून द्यायचे. व्याह्यांना, बियाणंवाल्याला, मोजणीला आलेल्या सरकारी माणसाला. दुसऱ्यानं विचारायच्या आत आपणच सांगून टाकायचे. तुम्हीही अशी माणसं बघितली असतील, झालेली चूक कपाळावर लावून हिंडणारी. पण त्यातल्या बहुतेकांना समोरच्यानं "जाऊ द्या हो" म्हणावं असं वाटत असतं. अण्णांना तसं कोणी म्हटलेलं चालायचं नाही. एकदा मी म्हणालो तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

झालं ते असं होतं, मी पहिल्यांदा जायच्या आधी काही वर्षं. परतीचा पाऊस भरून आलेला, कणसं अर्धी ओली, ती मशीनच्या तोंडात अडकून बसली. अण्णांनी पट्टा मोकळ्या पुलीवर घेतला. तम्मा हात घालून अडकलेली कणसं ओढून काढत होता. अण्णा दांडा धरून आभाळाकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांनी पट्टा ढकलला.

"हाताकडं बगायचं सोडून मी ढगाकडं बघिटलं," हे त्यांचं वाक्य. इतक्या वेळा म्हटलेलं की ते गुळगुळीत झालं होतं.

तम्मा दवाखान्यातून परत आला तेव्हा अण्णा मशीन विकायला निघाले होते. पण पुढच्या हंगामात तम्मा मुकाट्यानं येऊन मशीनच्या तोंडाशी, आपल्याच जागेवर उभा राहिला आणि डाव्या हातानं कणीस उचललं. त्या दिवशी अण्णांनी पहिल्यांदा हात दाखवायला लावले. आकडा नऊ आला. तेव्हापासून घरची माणसं नऊ हात, मी असलो की अकरा.

अण्णांना एकच गोष्ट डाचत होती, आणि ती त्यांनी मला इंजिनची टाकी भरता भरता सांगितली. "तवापासनं त्यो ह्या बाबतीत एक शबूद बोलला न्हाय. एक शिवी दिली असती तर मी सुटलो असतो की."

विहिरीकडचा चांगला तुकडा त्यांनी तम्माच्या नावावर केला होता. घरात पहिली भाकरी तम्माला. सण आला की नवा सदरा आधी तम्माला, आणि त्याची उजवी बाही अण्णा स्वतः दुमडून टाचणी लावायचे. तम्मा सगळं घ्यायचा आणि गप्प राहायचा. मला त्याचा रागच यायचा. वाटायचं, बाबा रे, एक शिवी हासड आणि मोकळा कर त्या माणसाला.

आता असं वाचून तुम्हाला वाटेल की ते घर सुतकी होतं. तसं मुळीच नव्हतं. इंजिनच्या आवाजात बोलायची सवय झाल्यामुळे ती सगळी माणसं घरातही ओरडूनच बोलायची. चहात साखर कमी पडली एवढं सांगायलाही असा आवाज निघायचा की शेजारी भांडण सोडवायला यावेत. मका वाळला की नाही हे बघायला अण्णा दाणा दाढेखाली धरून फोडायचे. मनासारखा कट असा आवाज आला नाही तर अख्खं खळं आणखी दोन दिवस उन्हात. त्यापायी त्यांची एक दाढ गेली. मग ते दुसऱ्या बाजूनं फोडायला लागले.

मुलीचं लग्न शाहूवाडीकडे ठरलं तेव्हा बैठकीतच त्यांनी व्याह्यांना सांगितलं, की देणंघेणं तुम्ही म्हणाल तसं, पण मक्याच्या टायमाला आठ दिवस पोरगी माझी. व्याह्यांना वाटलं, लेकीची माया. तीही असेलच. पण खरी गोष्ट अशी की रिकामी कणसं ओढायच्या जागेवर दुसऱ्या कोणाच्या हातांचा अण्णांना भरवसा नव्हता. मुलगीही दर वर्षी न चुकता यायची. भाताच्या मुलखात दिली खरी, पण मक्याचे आठ दिवस तिनं कधी सोडले नाहीत.

मी एकदा त्यांच्यासाठी जाड तारेची जाळी करून नेली. ती मशीनच्या तोंडावर बसली की हात आत जाणारच नाही, अशी. मोठ्या हौसेनं केली होती, मापं बरोबर घेऊन. अण्णांनी ती फिरवून फिरवून बघितली, माझ्या कामाचं कौतुक केलं आणि परत दिली.

"जाळी लावली तर मी हाताकडं बगायचा न्हाय," ते म्हणाले.

ती जाळी माझ्या वर्कशॉपमध्ये कोपऱ्यात पडून राहिली. वाईट वाटलं, पण त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. आजूबाजूला सगळ्यांकडे ट्रॅक्टरची मशीनं फिरायला लागली. अण्णांच्या इंजिनाचा ठोका गावात एकटाच राहिला. अण्णांचंही वय दिसायला लागलं. एका वर्षी माझं नाव त्यांना पटकन आठवेना. नाही तरी ते मला पावणंच म्हणायचे, त्यामुळे त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

पुढच्या वर्षी मी गेलो. इंजिन लागलं, अण्णांनी हात दाखवायला सांगितले, आम्ही दाखवले. त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. दांडा खाली ठेवला.

"अकरा हाईत. एक कमी हाय."

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. अण्णांनी इंजिन बंद केलं. मग खाली वाकून ते कणसांच्या ढिगात शोधायला लागले. दोन्ही हातांनी कणसं बाजूला सारत, घाबऱ्या घाबऱ्या. शेवटी ते तम्मापाशी आले. दुमडलेली बाही त्यांनी चाचपली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"तम्मा, हात कुठं गेला तुजा? कुणी केलं हे?"

तम्मा गप्प. वहिनी रडायला लागल्या आणि रडता रडता त्यांनीच आठवण करून दिली, की अहो, पावसात नाही का, पट्टा तुमच्याकडूनच लागला. अण्णांना ते आठवलं नाही. त्यांना ते पहिल्यांदाच कळलं. ते ढिगावर बसले आणि आत्ताच हात गेला असावा तसे रडले. मग उठले, आपला पटका सोडून तम्माच्या कोपराला बांधायला लागले आणि म्हणाले, गडहिंग्लजला दवाखान्यात न्यायचं, आत्ता, उशीर करायचा नाही.

कोणाचं ऐकेनात. तम्मा तसाच, कोपराला पटका बांधून, त्यांच्याबरोबर एसटीच्या थांब्यापर्यंत गेला. मी मागून गेलो. थांब्यावर दोघं शेजारी बसले. थोड्या वेळानं अण्णांनी तम्माकडे बघून विचारलं, की आपण कुठं निघालोय. तम्मा म्हणाला, कुठं न्हाय. मग आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी तेच झालं आणि तिसऱ्या दिवशीही. दर वेळी त्यांना ते नव्यानं कळायचं, आणि दर वेळी तितकंच रडू यायचं. इतकी वर्षं जुनं झालेलं दुःख असं रोज ताजं होताना मी बघितलं. मला तिथं थांबवेना. मी निघायच्या तयारीला लागलो होतो, तेव्हा चौथ्या दिवशी तम्मानं त्या हाताबद्दल पहिल्यांदा तोंड उघडलं.

"अण्णा, मी जन्मापासनंच असा हाय," तो म्हणाला.

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. "आई कधी बोलली न्हाय."

"तूबी ल्हान हुतास."

अण्णांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की मला बघवलं नाही. त्यांनी दांडा उचलला, हात दाखवायला सांगितले, मोजले आणि म्हणाले, "अकरा. बरोबर." मशीन चालू झालं. त्यानंतर रोज सकाळी मशीन लावायच्या आधी तम्मा तेवढं वाक्य म्हणायचा आणि दिवस पार पडायचा.

त्या हिवाळ्यात तम्मा एकटाच माझ्या वर्कशॉपमध्ये आला. हातात काही सुटा भाग नव्हता. बराच वेळ लेथजवळच्या स्टुलावर बसून राहिला. शेवटी मीच विचारलं, की जे खोटं आज सांगतोस ते जाऊ दे, पण अण्णा शुद्धीत होते तेव्हा "तुझी चूक नाही" एवढं म्हणायला तुझी जीभ का रेटली नाही?

"कारण ती खरंच त्येची चूक न्हवती," तो म्हणाला.

मी लेथ बंद केला.

त्यानं सांगितलं ते असं. त्या दिवशी अण्णांनी आभाळाकडे बघत का होईना, पण विचारलं होतं, की काढला का हात. तम्मानं हात बाहेर काढलेला होता. तो म्हणाला, काढला, लाव पट्टा. आणि अण्णांनी दांड्याला जोर लावला त्याच क्षणी तम्माला आत एक कणीस आडवं राहिलेलं दिसलं. त्यानं ते काढायला हात परत घातला. दवाखान्यात शुद्धीवर आला तोवर अण्णा सगळ्या गावाला सांगून बसले होते, की मी ढगाकडं बघिटलं. आपण विचारलं होतं हेच त्यांना भीतीपोटी आठवत नव्हतं.

"मला वाटलं, उद्या सांगू. मग त्यो मला जपाय लागला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटाय लागलं. दोन वर्सं गेली. त्येच्यानंतर कुठल्या तोंडानं सांगायचं?"

मला भयंकर राग आला. खळ्यावरचे ते वर केलेले हात, ती परत आलेली जाळी, टाचणी लावणारी अण्णांची बोटं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी एवढंच म्हणालो, की मग आता तरी सांग.

"सांगिटलं की. परवा." तम्मानं डाव्या हातानं तोंड पुसलं. "म्हटलं, अण्णा, माझ्या हाताची चूक माझी हुती. त्यो म्हणाला, कसली चूक रं? तू जन्मापासनं असाच हाईस न्हवं?"

मी चहा मागवला. दुसरं काय करणार? तो पिऊन झाल्यावर मी म्हणालो, वहिनींना तरी सांग, त्याही इतकी वर्षं नवऱ्याला दोषी धरून बसल्यात. त्यानं मान हलवली आणि तो एसटी पकडायला गेला.

अण्णा पुढच्या उन्हाळ्यात गेले. झोपेतच गेले, असं फोनवर कळलं. मला माती द्यायला पोहोचता आलं नाही. त्याचं वाईट आजही वाटतं.

दसरा झाल्यावर मी कोणी न बोलावता गेलो. बुश बघायचा होता, हे माझं मला सांगायचं कारण. खळ्यावर कणसांचा ढीग होता आणि शाहूवाडीहून मुलगीही आलेली होती. मला वाटलं होतं, या वर्षी ट्रॅक्टरचं मशीन बोलावलेलं असेल. पण इंजिनावरची ताडपत्री काढलेली होती. तम्माला एका हातानं हँडल मारता येईना, म्हणून ते मी मारलं. सावकाश तो जुना ठोका सुरू झाला.

मशीनच्या तोंडाशी आता भावजय उभी होती. तम्मानं डाव्या हातात दांडा घेतला आणि पुलीपाशी गेला. तिथं तो नुसताच उभा राहिला. मग इंजिनच्या आवाजात, त्या घरात बोलतात तसा ओरडून म्हणाला, "वैनी, माझा हात अण्णानं काढला न्हाय. त्यानं इचारलं हुतं. मीच परत घातला."

वहिनींच्या हातात भरलेली पाटी होती. ती त्यांनी खाली ठेवली. मुलगी तम्माच्या हातातल्या, बापाच्या दांड्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता वहिनी त्याला इतक्या वर्षांची ती शिवी देतील. त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"ज्येला सांगायचं त्यो गेला," त्या म्हणाल्या. "पट्टा लाव."

तम्मानं पट्टा लावला नाही. आधी म्हणाला, "हात दाखवा." आवाज अण्णांसारखा निघाला नाही.

सगळ्यांनी हात वर केले. वहिनी, भावजय, मुलगी. सवयीनं मीही केले. तम्मानं दांडा धरलेला आपला हात डोक्यावर नेला आणि मोजायला लागला. बोट दाखवायला दुसरा हात नव्हता, म्हणून एकेकाकडे मान वळवत मोजत गेला.

"नऊ," तो म्हणाला, पण पट्टा ढकलला नाही.

नऊच. घरच्या माणसांचा आकडा, इतकी वर्षं होता तोच. कोणीच हात खाली घेईना. वहिनी माझ्या दोन हातांकडे बघत होत्या, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की अण्णांचे दोन गेले होते आणि तेवढेच माझे त्यात धरले गेले होते.

मी दोन्ही हात खाली घेतले आणि खिशात घातले.

तम्मानं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. "सात," म्हणाला, आणि पट्टा ढकलला.